युद्धात लोकांनी काय काय खाल्लं? आणि ते ‘कसं’ खायचं हे त्यांना कोणी सांगितलं?

हेमांगी_के

नेदरलँड्समध्ये हार्लेम ते लायडेन या पट्ट्यात मी राहते. वसंतात इथे नजर जाईल तिथवर ट्यूलिप फुललेले असतात आणि जगभरातून लोक ते बघायला येतात. याच ट्यूलिपचे कंद १९४४-४५च्या हिवाळ्यात इथल्या लोकांनी शिजवून खाल्ले होते. डच लोक त्या काळाला ‘भुकेचा हिवाळा’ म्हणतात.

थोडी पार्श्वभूमी सांगते. सप्टेंबर १९४४मध्ये दोस्त सैन्याला मदत व्हावी म्हणून लंडनमधल्या निर्वासित डच सरकारने रेल्वे संपाची हाक दिली. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागात जाणारं धान्य अडवलं. नोव्हेंबरात ही बंदी थोडी सैल करून जलमार्गाने धान्य न्यायला परवानगी दिली, तोवर थंडी पडून कालवे गोठले. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग ही मोठी शहरं अडकली. नोव्हेंबरअखेर माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्या खाली गेलं आणि फेब्रुवारीअखेर सहाशेच्याही खाली. सुमारे २० हजार माणसं भुकेने गेली.

युद्धामुळे कंदांची निर्यात थांबली होती, त्यामुळे बागायतदारांकडे माल पडून होता. तो किराणा दुकानांतून वजनावर विकायला आला. सोबत कृती मिळायची, कारण लोकांना आहाराची माहिती द्यायला तिथे युद्धकाळात एक सरकारी कार्यालयच होतं. माझ्या शेजारच्या आजी तेव्हा लहान होत्या, पण आईच्या हातची रीत त्यांना अजून पाठ आहे. त्यांनी मला कंद चिरून दाखवला. वरचं तपकिरी, कागदासारखं साल ओढून काढायचं. आत पांढरे मांसल पापुद्रे असतात. कंद उभा दोन भागांत कापला की मधोमध पिवळट कोंब दिसतो. तो सुरीच्या टोकाने पूर्ण उकरून टाकायचा, कारण त्रास होतो तो त्यानेच. मग उकडायचा. तो बटाट्याहून लवकर शिजतो, आणि लाकूडफाटाही मिळेनासा झाला होता, त्यामुळे ही फार मोठी सोय होती. वाळवून दळलेलं पीठ भाकरीतही घालत.

माझं मत असं की अशा वेळी जीव वाचवते ती रीत. झाड ओळखणारे पुष्कळ असतात. कुठला भाग टाकायचा, किती वेळ भिजवायचा, पाणी कितीदा बदलायचं हे माहीत असणारे थोडे. ‘युद्धात खाल्लेल्या १० वनस्पती’ छापाच्या याद्या नेटवर ढिगाने आहेत, त्यांत नेमकं हेच नसतं.

तुमच्या वाचनातले, घरातले, गावातले असे अनुभव लिहा. कृतीसकट लिहिलेत तर फार आवडेल.

---

निशिगंध

बापरे, ट्यूलिप खातात हेच माहीत नव्हतं. वाचतेय.

---

खवय्या_पुणे३०

हेमांगीताई, चव कशी लागते ते नाही लिहिलंत!

---

हेमांगी_के

@खवय्या, आजी म्हणतात किंचित गोडसर आणि पिठूळ. त्यांना त्यापेक्षा जास्त नकोसं वाटतं ते शुगरबीट. साखर कारखान्यात जाणारं ते बीट किसून, तासन्‌तास शिजवून त्याचा लगदा खायचे आणि पाक वेगळा काढायचे. पोट भरायचं, पण घसा खवखवायचा. अजूनही त्या वासाने त्या खोलीतून उठून जातात.

---

सं. मंडळ

कळकळीची सूचना: हा धागा वाचून कोणी ट्यूलिपचे कंद शिजवायला घेऊ नयेत. बागेसाठी विकल्या जाणाऱ्या कंदांवर कीटकनाशकं, बुरशीनाशकं मारलेली असतात. डॅफोडिल आणि हायसिंथचे कंद तर विषारीच आहेत, आणि मातीतून काढलेले कंद सवय नसलेल्या माणसाला सारखेच दिसतात.

---

डॉ_अभिजित_बालरोग

याच हिवाळ्याची एक गोष्ट आम्हाला शिकवली जाते. हेगमधल्या ज्युलियाना बाल रुग्णालयात विलेम डिके नावाचे डॉक्टर होते. सीलिएक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडण्याचा आजार. त्या काळी त्याचं कारण कोणालाच कळलेलं नव्हतं. डिके यांना युद्धाच्या आधीपासून गव्हाचा संशय होता. भुकेच्या हिवाळ्यात पाव जवळजवळ बंद झाला, बाकी मुलं खंगत होती, आणि त्यांच्या वॉर्डातली ही आजारी मुलं मात्र सुधारू लागली. पुढे पाव परत मिळायला लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५०मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. आज जगभर सीलिएकच्या मुलांना गहू बंद करतात, त्याची मुळं इथवर जातात.

त्या हिवाळ्यात आईच्या पोटात असलेल्या बाळांवरही पुढे कित्येक दशकं संशोधन झालं. मोठेपणी त्यांच्यात मधुमेहाकडे झुकणाऱ्या तक्रारी जास्त आढळल्या. उपासमार एका पिढीत संपत नाही हे त्यातून पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

---

निशिगंध

@डॉ_अभिजित, माझ्या भाचीला सीलिएक आहे. हे आज पहिल्यांदा कळलं. तिच्या आईला पाठवते.

---

नेवा_काठी

मी शिकायला सेंट पीटर्सबर्गला होतो, त्यामुळे लेनिनग्राडबद्दल (शहराचं तेव्हाचं नाव) लिहायलाच हवं.

८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, म्हणजे ८७२ दिवस शहराला जर्मन सैन्याचा वेढा होता. पहिला हिवाळा सर्वांत भयंकर. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात मुलांना आणि कामावर नसलेल्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळायचा, आणि त्यातही पेंड, लाकडाचा सेल्युलोज असं काय काय मिसळलेलं. बदायेव ही अन्नाची गोदामं जळाली तेव्हा वितळलेली साखर जमिनीत मुरली होती. लोक ती माती खणून आणून पाण्यात कालवत, गाळत आणि ते गोड पाणी पीत.

हिरवं काहीच नसल्याने हिरड्यांतून रक्त यायला लागलं, म्हणजे स्कर्व्ही. त्यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी पाइनच्या सुयांसारख्या पानांचा अर्क काढायची पद्धत बसवली, कारण त्यात क जीवनसत्त्व असतं. शहराबाहेरच्या रानातून फांद्या आणायच्या, बायका-मुली बसून पानं ओरबाडायच्या, आणि कारखान्यांतून, भोजनगृहांतून तो कडू अर्क वाटला जायचा.

१९४२चा वसंत आला तसं शहरात उगवलेलं प्रत्येक हिरवं पान खुडलं गेलं. खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल, डँडेलियन, आणि सगळ्यांत जास्त ‘लेबेदा’. आता गंमत बघा, लेबेदा म्हणून जे खुडलं जायचं त्यात आपला चाकवतही येतो! वनस्पतिशास्त्र संस्थेच्या लोकांनी कुठलं तण खाण्याजोगं आणि कुठलं नाही याची पत्रकं काढली, भोजनगृहांत त्या पाल्याची सूपं आणि वड्या सुरू झाल्या. सेंट आयझॅक कॅथेड्रलसमोरच्या चौकात कोबी लावला होता, त्याचे फोटो मिळतात.

म्हणजे हेमांगीताई, तुमच्या प्रश्नाचं लेनिनग्राडपुरतं उत्तर: शास्त्रज्ञांनी सांगितलं.

---

आज्जीचा_बटवा

चाकवताची ताकातली पातळ भाजी आमच्याकडे दर आठवड्याला होते. आता ती करताना हे आठवणार.

---

मातीमोल

नेवा_काठी, बियाण्यांचं राहिलं. त्याच शहरात निकोलाय वाविलोव्ह यांनी जगभर हिंडून जमवलेल्या बियाण्यांचा संग्रह होता. तांदूळ, गहू, शेंगदाणा, बटाटा, पोत्यांनी भरलेलं खाण्याजोगं धान्य. तिथल्या शास्त्रज्ञांनी ते खाल्लं नाही. भाताचे तज्ज्ञ दिमित्री इवानोव्ह तांदळाच्या शेकडो पुड्या शाबूत ठेवून उपासमारीने गेले. शेंगदाण्याचे तज्ज्ञ अलेक्झांडर श्चुकिन कामाच्या मेजावरच गेले. आणि खुद्द वाविलोव्ह यांना तर स्टालिनच्या राजवटीने १९४०मध्येच पकडलं होतं. जानेवारी १९४३मध्ये सरातोवच्या तुरुंगात तेही उपासमारीनेच गेले.

मी बियाणं जपण्याच्या कामात आहे. आमच्या गटात कोणी ‘एवढ्याशा वाणासाठी कशाला धडपड’ असं म्हणालं की मी ही गोष्ट सांगतो.

---

खवय्या_पुणे३०

वरचं वाचून काही सुचेना. दंडवत त्या माणसांना.

---

ताळेबंद

धागा उत्तम आहे, पण मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे.

पालेभाजी १०० ग्रॅम खाल्ली तर साधारण ३०-४० कॅलरी मिळतात. किलोभर पाला शिजवून खाल्लात तरी चारशेच्या आत. कष्टाचं काम सोडा, थंडीत नुसतं ऊब धरून जगायलाही हे पुरत नाही. तेव्हा ‘रीत माहीत होती म्हणून जीव वाचला’ हे ऐकायला बरं वाटतं, हिशोबात बसत नाही.

ग्रीसचं उदाहरण घ्या. रानपाल्याला ते ‘होर्ता’ म्हणतात. तिथल्या प्रत्येक घरातल्या बाईला डोंगरावरचा पाला ओळखता येतो, उकडून ऑलिव्ह तेल-लिंबू घालून खायची रीत शेकडो वर्षांची. म्हणजे ज्ञान भरपूर! तरीही १९४१-४२च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसं हजारोंनी मेली. जर्मन, इटालियन आणि बल्गेरियन सैन्याने देश व्यापला होता, आणि वर ब्रिटिशांची समुद्रातून नाकेबंदी. टेकड्यांवर पाला उरला नव्हता आणि ऑलिव्ह तेलही नव्हतं. ऑक्सफॅम ही संस्था १९४२मध्ये ऑक्सफर्डमध्ये जन्मली ती या ग्रीक दुष्काळासाठी, नाकेबंदीतून धान्य जाऊ द्या म्हणून. मदतीचं धान्य यायला लागलं तेव्हा मृत्यू कमी झाले.

भूक माणसाने लादलेली असते. तिच्यावर उतारा रानात शोधायला लावणं म्हणजे लादणाऱ्याला मोकळं सोडणं.

---

निशिगंध

ताळेबंद, शेवटच्या दोन वाक्यांना +१००.

---

हेमांगी_के

@ताळेबंद, तुमचं शेवटचं वाक्य मलाही शंभर टक्के पटतं. हॉलंडमध्येही भूक संपली ती २९ एप्रिल १९४५पासून ब्रिटिश आणि मागोमाग अमेरिकन विमानांनी अन्नाची पोती टाकायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात जर्मनांनी शरणागती पत्करली तेव्हा. ट्यूलिपने भूक संपवली असं मी म्हणणार नाही.

पण तुमचा हिशोब पाल्याचा आहे, कंदाचा नाही. ट्यूलिपमध्ये पिष्ट आहे, शुगरबीटमध्ये साखर आहे. तिथे कॅलरी मिळतातच. आणि पाला, पाइन, रानगुलाबाची फळं यांचं काम वेगळं. ब्रिटनमध्ये संत्री येणं बंद झालं तेव्हा १९४१पासून शाळकरी मुलांनी आणि गावोगावच्या बायकांनी कुंपणांवरची रानगुलाबाची फळं शेकडो टनांनी गोळा केली आणि त्यांचं सरबत लहान मुलांना दिलं गेलं. तिथे पोट भरायचा प्रश्नच नव्हता, क जीवनसत्त्व हवं होतं. त्यातही आतले बारीक केस गाळून काढावे लागतात, नाहीतर घशाला आणि आतड्याला टोचतात. बघा, पुन्हा रीत आलीच.

---

सातारकर_जवान

आता आपल्या माणसांबद्दल लिहितो.

आमच्या सातारा जिल्ह्यात, तसंच रत्नागिरीकडे, किती गावांत दगडी पाटी आहे: या गावातून अमुक इतके लोक १९१४-१९च्या महायुद्धात गेले, पैकी अमुक परत आले नाहीत. त्यातले बरेच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. तिथे कुट-अल-अमारा या गावात ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढा पडला. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची ही तुकडी होती सहावी ‘पूना डिव्हिजन’. त्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी मराठा पलटण होती. बाहेरून तुर्कांचा वेढा, आत धान्य संपत चाललेलं.

ताळेबंद यांच्या मुद्द्याला आणि हेमांगीताईंच्या मुद्द्याला दोघांनाही इथे जागा आहे. गोऱ्या सोल्जरांना मैद्याचा पाव आणि घोड्याचं मांस मिळत होतं. त्यांना बेरीबेरी झाला, म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. पुढे मैदा संपला, सगळ्यांनाच जवाचा कोंड्यासकट आटा खावा लागला आणि त्यांचा बेरीबेरी हटला. आपल्या शिपायांना बेरीबेरी फारसा झाला नाही, कारण ते आधीपासून आटाच खात होते. पण बहुतेकांनी अगदी शेवटापर्यंत घोड्याचं मांस खायला नकार दिला, भाजीपाला संपला होता, म्हणून त्यांना स्कर्व्ही झाला.

मग काय केलं? वेढ्याच्या आत मोकळ्या जागेत पावसाने जे गवत-तण उगवलं होतं ते खुडून भाजी म्हणून शिजवलं. हिरवं मिळालं. पण ती माती आपली नव्हती, तण ओळखीचं नव्हतं. त्यातलं काही विषारी निघालं आणि काही माणसं त्याने दगावली. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या पोराला घरामागचं प्रत्येक पान माहीत असतं. तैग्रिसच्या काठी तेच पोर आंधळं झालं, आणि सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

---

हेमांगी_के

सातारकर, या प्रतिसादासाठीच धागा काढला होता असं वाटलं. आटा दळायला तरी होतं का काही?

---

सातारकर_जवान

ताई, होतं, आणि दळण्यासाठी जात्याची तळी विमानातून टाकली होती! वेढ्याच्या शेवटी विमानांतून धान्यही टाकलं, युद्धात वेढलेल्या सैन्याला असं विमानातून अन्न पुरवण्याचा तो पहिलाच प्रयत्न मानतात. पुरलं नाही. शेवटी सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली आणि त्यानंतर कैदेत जे मेले ते वेगळे.

---

गोदू_कोकणी

आमच्या आजीकडून ऐकलेलं दुसऱ्या महायुद्धातलं सांगते. मार्च १९४२मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झाला. मुंबईत १९४३मध्ये रेशनिंग आलं. कोकणात भात पिकतो म्हणून लोकांना वाटतं तिथे काय कमी, पण आमचं भात चार-सहा महिनेच पुरायचं, बाकी विकत घ्यायचं आणि मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालायचं. तेव्हा नाचणी, वरी होतीच, पण आषाढ-श्रावणात तीही तळाला जायची.

मग काय? टाकळा, कुर्डू, भारंगी. फणसाच्या आठळ्या उकडून. आंब्याच्या कोयीतला गर भिजवून, तुरटपणा जाईपर्यंत पाणी बदलून, वाळवून पीठ. भेरली माड पाडून त्याच्या गाभ्याचं पीठ काढायचे, पण ते कष्टाचं काम, घरात दणकट पुरुषमाणूस हवा. आणि करांदे! वेलाला लागणारे ते गुठळीसारखे कंद. कडू असतात. आजी चुलीतली राख घालून उकडायची, मग सोलून काप करायची, ते पुन्हा पाण्यात. कडवटपणा तरीही थोडा राहायचाच. ‘पोटात गेलं की कडू-गोड सगळं सारखंच’ म्हणायची.

हे तिला कोणी सरकारी पत्रकात नाही सांगितलं.

---

खवय्या_पुणे३०

गोदूताई, आमच्या घरी टाकळ्याची भाजी केली की दोन तट पडतात. आता म्हणेन, गुमान खा, यावर माणसं जगली आहेत!

---

सॉल्टलेक_मराठी

मी कोलकात्यात राहतो, बंगालबद्दल लिहितो. १९४३चा दुष्काळ हा युद्धाचाच. ब्रह्मदेश गेला, जपानी आले तर त्यांच्या हाती लागू नये म्हणून सरकारने किनारपट्टीतला तांदूळ हलवला आणि दहापेक्षा जास्त माणसं वाहणाऱ्या नावा जप्त केल्या. नाव गेली म्हणजे कोळ्याचं, कुंभाराचं, व्यापाऱ्याचं पोट गेलं. वर महागाई. सुमारे ३० लाख माणसं गेली.

खाल्लं काय, तर ‘कोचू’, म्हणजे आपलं अळू आणि त्याच्या जातीचे रानकंद, आणि तळ्यातल्या कमळांचे देठ, ‘शापला’. पण अळूला चिंच-कोकम लागतं, तेल लागतं, नीट शिजवायला सरपण लागतं. कोलकात्याच्या रस्त्यावर आलेल्या माणसाकडे यातलं काही नव्हतं. लोक दारोदार भात नाही, भाताची पेज मागत हिंडत, ‘फ्यान दाओ’ म्हणून. त्या काळची झैनुल आबेदीन आणि चित्तप्रसाद यांची रेखाचित्रं पाहा.

म्हणून मी ताळेबंद यांच्या बाजूचा. खेड्यातल्या बाईला रीत येत होती, पण रीत वापरायला चूल लागते, घर लागतं.

---

ताळेबंद

सॉल्टलेक, हेच म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं मांडलंत. राख, चिंच, सरपण, वाहतं पाणी ही रीतीची सामग्री आहे, आणि युद्ध आधी तीच हिसकावून घेतं.

---

चिमूरचा_पाटील

आमच्या पूर्व विदर्भातली लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, विसरू नका हो. रानटी नाही, पण टंचाईचंच पीक. पाऊस नसला, काही पिकलं नाही तरी लाख येतेच. थोडी खाल्ली तर काही नाही, पण महिनोन्‌महिने तीच तेवढी खाल्ली तर पायातली ताकद जाते, माणूस कायमचा लुळा होतो.

युद्धाशी संबंध सांगतो. १९४२-४३मध्ये रुमानियाच्या ताब्यातल्या वाप्न्यार्का नावाच्या छावणीत ज्यू कैद्यांना जनावरांसाठीची लाखच शिजवून देत होते. शेकडो लोक लंगडे झाले. त्यांच्यातल्याच आर्थर केसलर या कैदी डॉक्टरने कारण ओळखलं, लोकांनी ती खायची बंद केली. भूक काढणं सोपं नव्हतं, तरी बंद केली. स्पेनमध्ये यादवी युद्धानंतरच्या उपासमारीतही हाच आजार पसरला.

आमच्याकडची म्हातारी माणसं लाखोळी भिजवून पाणी फेकत, भातासंग, दुसऱ्या डाळीसंग खात. निव्वळ कधी नाही. हेमांगीताई म्हणतात ते मला पटते.

---

मुखपृष्ठ

बोस्नियातल्या सारायेव्होचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ वेढा. तिथे सुलेमान रेजिच नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. वेढ्यातच राहून त्यांनी लोकांना शहरातलं कुठलं रानझाड खाता येतं हे सांगायचं काम केलं आणि नंतर कोणी काय खाल्लं याचा अभ्यासही प्रसिद्ध केला. नेटल, डँडेलियन, चाकवताची भावंडं, मॅलो, सगळं इमारतींच्या मधल्या जागांतून खुडलेलं. आणि खुडायला जाणं म्हणजे नेमबाजांच्या टप्प्यात जाणं.

मॅलो ही आपल्या भेंडीच्या, जास्वंदीच्या कुळातली. पॅलेस्टाइनमध्ये तिला ‘खुबेझा’ म्हणतात. १९४८मध्ये जेरुसलेमच्या वेढ्यात ज्यू लोकांनी ती खाल्ली, आणि २०२४च्या सुरुवातीला गाझातल्या बायका तीच खुडून शिजवत होत्या. एकच तण, दोन्ही बाजूंच्या पोटात.

---

निशिगंध

आता गाझाच्या बातम्यांतलं ते दृश्य समजलं. तेव्हा वाटलं होतं पालक असेल.

---

जुनी_दप्तरं

‘सरकारी पत्रकात नाही सांगितलं’ असं गोदूताई म्हणाल्या, त्यावर थोडी भर. पत्रकं नव्हती, पण नोंदी झाल्या. जुझे कामिलो लिस्बोआ हे मूळचे गोव्याचे डॉक्टर, मुंबईत होते. १८८६मध्ये बॉम्बे गॅझेटियरचा वनस्पतींवरचा पंचविसावा खंड निघाला, तो त्यांच्या कामाचा. त्यात मुंबई इलाख्यात दुष्काळात खाल्ल्या गेलेल्या वनस्पतींवर वेगळं प्रकरण आहे. १८७६-७८चा दुष्काळ तेव्हा ताजा होता. पुढे १८९६-१९००च्या दुष्काळांनंतर जी. ए. गॅमी यांनी १९०२मध्ये अशीच टिपणं प्रसिद्ध केली. टाकळा, घोळ, उंबर, बांबूचं बी, रानकंद, सगळं आहे त्यांत.

पण तो सगळा व्यवहार इंग्रजीत आणि लॅटिन नावांत. ज्या बायकांकडून, ठाकर-कातकऱ्यांकडून ती माहिती आली त्यांची नावं कुठेच नाहीत. आणि ती पुस्तकं उपाशी माणसाच्या हातात कधी पडली नाहीत. हॉलंडमध्ये किराणा दुकानात कंदासोबत कृती मिळते आणि इथे दुष्काळ सरल्यावर गॅझेटियरमध्ये छापली जाते, फरक एवढाच पण केवढा.

---

हेमांगी_के

जुनी_दप्तरं, हे अगदी वर्मावर बोट ठेवलंत.

आता ताळेबंद आणि सॉल्टलेक यांना उत्तर देते. रीतीला चूल लागते हे खरंच. म्हणूनच मला वाटतं की रीत सांगणं हेही सरकारचं, संस्थांचं कामच असतं, जसं धान्य पोचवणं असतं. लेनिनग्राडच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी, रेजिच यांनी ते केलं. कुटमध्ये कोणी केलं नाही आणि माणसं तणाने मेली. बंगालमध्ये धान्यही पोचवलं नाही आणि चूलही काढून घेतली. ‘लोक रानातलं खाऊन जगतील’ असं म्हणून हात झटकणाऱ्या सरकारची बाजू मी कधीच घेणार नाही.

पण आपल्याकडे ही माहिती ज्यांच्या हातात आहे ती माणसं म्हातारी होत चालली आहेत. म्हणून मूळ विनंती पुन्हा करते: कृती लिहा. ‘शिजवून खातात’ एवढं नको. काय टाकायचं, काय घालायचं, कशावरून कळतं की झालं.

---

वाडा_पालघर

लिहितो. शेवळं. मे संपता संपता, वळवाच्या सरी पडल्या की जमिनीतून वर येतात, कातकरी-ठाकर बायका जुड्या करून बाजारात आणतात. सुरणाच्या जातीचं आहे, त्यामुळे खाजतं. नीट नाही केलं तर तोंड, घसा सुजल्यासारखा होतो.

हाताला तेल लावून घ्या. वरची पानासारखी आवरणं काढा. आत दांडा असतो, त्याच्या खालच्या अंगाला पिवळा, दाणेदार भाग असतो, तो पूर्ण काढून फेका. बाकीचं बारीक चिरा. आता काकडं. काकड नावाच्या झाडाची छोटी आंबट-तुरट फळं, शेवळं विकणारीच बाई सोबत देते, नाही दिली तर मागून घ्या. ती ठेचून, पाण्यात कोळून रस काढा. भरपूर तेलात शेवळं चांगली परता, मग हा रस घालून शिजवा. काकडं नसली तर चिंच जास्त घाला, पण काकडाचं काम काकडच करतं. आमच्याकडे यात वाल किंवा सुकट घालतात.

झालं कधी कळतं? आई एक तुकडा जिभेवर ठेवून बसायची. पाच मिनिटांत खवखवलं नाही तर ताटात. खवखवलं तर परत आंबट घालून चुलीवर.

---

गोदू_कोकणी

पिवळा भाग काढून टाकायचा! ट्यूलिपचंही तेच ना हो हेमांगीताई?

---

हेमांगी_के

हो! आजींना हे सांगायलाच हवं. गोदूताई, तुमच्या करांद्यांचं राहिलं आहे: राख किती, कुठल्या लाकडाची, आणि पाणी कितीदा बदलायचं?

---

गोदू_कोकणी

राख चुलीतली, लाकडाची, चाळलेली. शेणीची नाही. माप ओंजळीचं होतं. पाण्याचं नक्की सांगायचं तर आत्येला विचारावं लागेल, ती अजून दर दिवाळीच्या आधी करते. रविवारी फोन करून लिहिते.

---

चिमूरचा_पाटील

विचारा नक्की. आणि कोणत्या जातीचा करांदा तेही विचारा, पानाचा फोटो मागवा. एक जात गोड असते आणि दुसरी पोट बिघडवते.